कमी उजेडात मोबाईल वाचताना ब्राइटनेस किती ठेवावा?

रात्री घरातले दिवे बंद झाले की अनेकांचे वाचन सुरू होते. कोणी दिवसभराच्या बातम्या वाचते, कोणी स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, तर कोणी हरिपाठ. रुग्णालयात रुग्णाच्या उशाशी बसलेले नातेवाईकही इतरांची झोपमोड नको म्हणून अंधारात मोबाईल उघडतात. थोड्या वेळाने डोळे चुरचुरतात, कपाळ जड होते, अक्षरे पुसट दिसू लागतात. मग कोणी ब्राइटनेस पूर्ण वाढवतो, कोणी अगदी तळाला नेतो. दोन्ही उपायांनी बहुतेक वेळा त्रास कमी होत नाही.

ब्राइटनेस किती ठेवायचा हे घरच्या घरी कसे ठरवायचे, ते या लेखात पाहू. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, रात्री वाचण्यासाठी ब्राइटनेस सतत वाढवावा लागत असेल किंवा स्क्रीनचा उजेड सहन होत नसेल, तर ती डोळ्यांच्या एखाद्या आजाराची पहिली खूण असू शकते. ती कशी ओळखायची, हेही समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

- स्क्रीन आजूबाजूच्या उजेडाइतकीच उजळ असावी. खोलीत एकटी स्क्रीनच चमकत असेल तर डोळ्यांना त्रास होणारच.
- पूर्ण अंधारात वाचू नका. एक मंद दिवा लावा, मग ब्राइटनेस जुळवा.
- ब्राइटनेस वाढवण्याआधी अक्षरे मोठी करा.
- अंधारात मोबाईल वाचल्याने मोठ्या माणसाचे डोळे कायमचे खराब होत नाहीत. डोळे थकतात, कोरडे पडतात आणि झोप लांबते.
- डोळा लाल होऊन दुखणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, सोबत डोकेदुखी आणि उलटी असेल, तर त्याच रात्री रुग्णालयात जा.

कमी उजेडात डोळ्यात काय होते?

डोळ्याची बाहुली उजेडानुसार लहान-मोठी होते. उन्हात ती साधारण २ ते ४ मिलिमीटर असते, अंधारात ४ ते ८ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. बाहुली लहान असली की दिसणारी प्रतिमा रेखीव असते. मोठी झाली की जास्त प्रकाश आत येतो खरा, पण प्रतिमेची धार कमी होते. चष्म्याचा थोडासा राहून गेलेला नंबर दिवसा जाणवत नाही आणि रात्री जाणवतो, तो याचमुळे.

दुसरा बदल दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर होतो. तिथे दोन प्रकारच्या पेशी असतात. एक प्रकार भरपूर उजेडात रंग आणि बारकावे दाखवतो, दुसरा मंद उजेडात काम करतो. अंधाराला पुरते सरावण्यासाठी या दुसऱ्या पेशींना २० ते ३० मिनिटे, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. लख्ख स्क्रीन पाहिली की हा सराव मोडतो.

आता पूर्ण अंधारात चमकणारी स्क्रीन डोळ्यांपुढे आणा. मध्ये उजळ चौकोन, भोवती काळोख. नजर स्क्रीनवरून जराशी हलली तरी डोळ्याला एकदम वेगळ्या उजेडाशी जुळवून घ्यावे लागते. त्यातच आपण जवळचे पाहत असतो आणि पापण्या मिटणे कमी झालेले असते. हे सगळे मिळून थकवा येतो. त्यामुळे ब्राइटनेसइतकेच लक्ष खोलीतल्या उजेडाकडेही द्यायला हवे.

ब्राइटनेस किती? कागदाची चाचणी करा

"डॉक्टर, तीस टक्के ठेवू की चाळीस?" असे अनेक जण विचारतात. टक्क्यांना फारसा अर्थ नाही. एका मोबाईलचे ३० टक्के दुसऱ्याच्या ६० टक्क्यांइतके असू शकतात. त्यापेक्षा ही सोपी चाचणी करा:

१. जिथे वाचणार तिथे, नेहमीच्या उजेडात बसा. दोन-तीन मिनिटे थांबा, म्हणजे डोळे त्या उजेडाला सरावतील.

२. मोबाईलवर पांढरी पार्श्वभूमी आणि काळी अक्षरे असलेले पान उघडा.

३. शेजारी एक पांढरा कागद किंवा वहीचे कोरे पान धरा.

४. कागदापेक्षा स्क्रीन दिव्यासारखी चमकत असेल तर ब्राइटनेस कमी करा. स्क्रीन करडी, मळकट दिसत असेल तर वाढवा.

५. दोन्ही जवळपास सारखे पांढरे दिसू लागले की थांबा. अक्षरे वाचायला किंचित कष्ट पडत असतील तर तिथून थोडेसे वर जा.

कागद दिसतच नसेल तर? मग अडचण ब्राइटनेसची नाही, दिव्याची आहे. आधी दिवा लावा.

फरक किती मोठा असतो हे आकड्यांत पाहू. स्क्रीनची उजळता 'निट' या एककात मोजतात. रात्री दिवा लावलेल्या घरात साधारण १०० लक्स उजेड असेल, तर तिथला पांढरा कागद सुमारे २५ निट इतका उजळ दिसतो. आजचे अनेक मोबाईल पूर्ण ब्राइटनेसला ५०० निटांच्याही पुढे जातात. म्हणजे त्या खोलीत स्क्रीन कागदाच्या वीसपट उजळ झाली. दुपारी अंगणात हाच ब्राइटनेस अपुरा वाटतो, रात्री अंथरुणात तोच डोळ्यांत खुपतो.

दिवा कुठे आणि कसा लावावा?

खोली लख्ख करण्याची गरज नाही. स्क्रीनच्या मागची भिंत आणि आजूबाजूच्या वस्तू स्पष्ट दिसतील एवढा उजेड पुरे.

- टेबल लॅम्प असेल तर त्याचे तोंड भिंतीकडे करा. भिंतीवरून परतलेला उजेड मऊ असतो आणि शेजारी झोपलेल्यांनाही त्याचा त्रास कमी होतो.
- दिवा डोळ्यांसमोर नको आणि स्क्रीनवर त्याचे प्रतिबिंबही नको. तो बाजूला किंवा किंचित मागे असावा.
- झिरोचा दिवा बहुतेक खोल्यांत वाचायला पुरत नाही, पण पूर्ण अंधारापेक्षा बरा. दुसरा पर्याय नसेल तर तो लावा आणि वाचन आटोपते घ्या.
- पिवळसर उजेडाचा बल्ब रात्री पांढऱ्या ट्यूबपेक्षा सुखद वाटतो.
- वीज गेली असेल तर चार्जिंगचा दिवा छताकडे किंवा भिंतीकडे वळवून ठेवा. त्याचा झोत थेट पानावर किंवा चेहऱ्यावर नको.

रुग्णालयाच्या वॉर्डात किंवा रात्रीच्या बसमध्ये दिवा लावणे आपल्या हातात नसते. अशा वेळी ब्राइटनेस बराच खाली आणा, अक्षरे मोठी करा, मोबाईल हातभर अंतरावर धरा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबा. धावत्या बसमध्ये अक्षरे सतत हलतात, तिथे ऐकण्याचा पर्याय अधिक चांगला.

मोबाईलमध्ये काय बदलावे?

आधी अक्षरे मोठी करा. अक्षरे बारीक असली की आपण नकळत मोबाईल जवळ आणतो आणि ब्राइटनेस वाढवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधील 'डिस्प्ले' विभागात आणि आयफोनमध्ये 'डिस्प्ले अँड ब्राइटनेस' मध्ये अक्षरांचा आकार बदलता येतो. मोबाईल ३५ ते ४० सेंटिमीटरवर, म्हणजे कोपर वाकवून सहज धरता येईल एवढ्या अंतरावर असताना आरामात वाचता येईल इतकी अक्षरे मोठी करा. घरातल्या ज्येष्ठांच्या मोबाईलवर हे तुम्हीच करून द्या. त्यांना ही सोय आहे हेच अनेकदा माहीत नसते.

स्वयंचलित ब्राइटनेस सुरू ठेवा. अँड्रॉइडमध्ये याला बहुधा 'अ‍ॅडॅप्टिव्ह ब्राइटनेस' म्हणतात. आयफोनमध्ये तो 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' मधील 'डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ' मध्ये आहे. मोबाईलच्या समोरच्या बाजूचा एक सेन्सर खोलीतला उजेड मोजतो. कव्हर किंवा स्क्रीनवरच्या काचेने तो झाकला गेला तर अंदाज चुकतो, म्हणून तो भाग मोकळा आणि स्वच्छ ठेवा. मोबाईलने ठरवलेला ब्राइटनेस तुम्हाला जास्त किंवा कमी वाटला तर हाताने बदला.

तळाला नेऊनही उजेड जास्त वाटत असेल तर आयफोनमध्ये 'रिड्यूस व्हाइट पॉइंट' आणि अँड्रॉइड १२ पासून पुढच्या अनेक मोबाईलमध्ये 'एक्स्ट्रा डिम' ही सोय आहे.

कमी ब्राइटनेसवरच डोके दुखत असेल तर हे वाचा. काही ओएलईडी स्क्रीन उजेड कमी दाखवण्यासाठी अतिशय वेगाने लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काही लोकांना, विशेषतः अर्धशिशी असलेल्यांना, त्याने डोकेदुखी होऊ शकते. अशांनी ब्राइटनेसची पट्टी थोडी वर ठेवून वरच्या दोन सोयींपैकी एक वापरून पाहावी. काही मोबाईलमध्ये लुकलुकणे कमी करण्याचे वेगळे बटणही असते.

लॅपटॉप वापरताना स्क्रीन ५० ते ६५ सेंटिमीटरवर आणि तिचा मध्य नजरेच्या थोडा खाली असावा. नजर खाली असली की पापण्या अर्धवट मिटलेल्या राहतात आणि डोळे कमी कोरडे पडतात.

डार्क मोड चांगला की वाईट?

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे म्हणजे डार्क मोड. अंधाऱ्या खोलीत त्याने एकूण उजेड कमी होतो आणि अनेकांना बरे वाटते. पण तो सगळ्यांना मानवत नाही. स्क्रीन काळी असली की बाहुली मोठी होते आणि अक्षरांची धार कमी होते. ज्यांना तिरका नंबर आहे त्यांना पांढऱ्या अक्षरांभोवती धूसर कडा दिसतात. मोतीबिंदू सुरू झालेल्यांचा अनुभव मात्र उलटा असू शकतो. पांढऱ्या पानाची तिरीप कमी झाल्यामुळे काहींना डार्क मोडमध्ये जास्त स्पष्ट दिसते.

म्हणून नियम साधा आहे. लांबलचक मजकूर वाचायचा असेल तर मंद दिवा आणि जुळवलेला ब्राइटनेस ठेवून पांढऱ्या पार्श्वभूमीवर वाचा. पटकन एखादा संदेश पाहायचा असेल किंवा दिवा लावताच येत नसेल तर डार्क मोड वापरा. दोन्ही करून पाहा, ज्यात डोळे कमी थकतात ते तुमचे.

निळा प्रकाश, पिवळी स्क्रीन आणि झोप

स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने दृष्टिपटल जळते, असे संदेश फिरत असतात. मोबाईलमधून येणारा निळा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या तुलनेत फारच थोडा असतो आणि त्याने दृष्टिपटलाला इजा होते असे आढळलेले नाही. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांबद्दल कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी डोळ्यांचा थकवा, निदान अल्पकाळात, कमी होत नसावा असा त्याचा निष्कर्ष आहे. दुकानदाराने जास्तीचे पैसे सांगितले तर हे लक्षात ठेवा.

झोपेची गोष्ट वेगळी आहे. डोळ्यात काही पेशी 'दिवस आहे की रात्र' हे मेंदूला कळवण्याचे काम करतात आणि त्यांना निळसर प्रकाश जास्त जाणवतो. रात्री तो डोळ्यात गेला की झोपेला मदत करणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक कमी तयार होते. २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२ जणांनी झोपण्यापूर्वी सुमारे चार तास पूर्ण ब्राइटनेसच्या टॅबलेटवर वाचन केले. छापील पुस्तक वाचण्याच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सरासरी दहा मिनिटे जास्त लागली आणि सकाळी उठल्यावर मरगळही जास्त होती. मोबाईल कमी ब्राइटनेसवर थोडा वेळ वापरला तर परिणाम याहून कमी असेल.

'नाइट लाइट' किंवा 'नाइट शिफ्ट' लावून स्क्रीन पिवळसर करणे सुखद वाटत असेल तर जरूर करा. पण स्क्रीन पिवळी आहे म्हणून रात्री एक वाजेपर्यंत वाचणे, हा काही उपाय नाही. झोपण्याआधीचा अर्धा ते एक तास मोबाईल बाजूला ठेवणे हेच उत्तम. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा अर्धशिशी आहे, त्यांनी तर झोपेची वेळ आवर्जून सांभाळावी.

पापण्या मिटायला विसरू नका

बोलताना आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. स्क्रीन पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. अश्रूंचा थर सुकतो, डोळे चुरचुरतात, अक्षरे पुसट होतात. डोळे चोळले किंवा दोन-तीन वेळा मिटले की पुन्हा स्पष्ट दिसते. असे होत असेल तर कारण कोरडेपणा असण्याची शक्यता जास्त, आणि त्यावर ब्राइटनेस वाढवून उपयोग होत नाही.

- दर २० मिनिटांनी निदान २० सेकंद दूर, सुमारे २० फुटांवर पाहा. खोली लहान असेल तर खिडकीबाहेर नजर टाका.
- प्रत्येक परिच्छेद संपल्यावर डोळे पूर्ण मिटून उघडा.
- पंखा किंवा एसीची हवा थेट चेहऱ्यावर येऊ देऊ नका.
- थेंब हवेच असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने फक्त ओलावा देणारे वापरा. मेडिकलमधून मनाने आणलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.

वयानुसार काय लक्षात ठेवावे?

चाळिशीनंतर: जवळचे वाचण्याची डोळ्याची ताकद या वयात कमी होते. ही अडचण पहिल्यांदा जाणवते ती संध्याकाळी. भर उजेडात लहान झालेली बाहुली अक्षरे सावरून घेते, दिवेलागणीनंतर ती मोठी होते आणि तीच अक्षरे पुसट दिसतात. मग मोबाईल लांब धरणे आणि ब्राइटनेस वाढवणे सुरू होते. नंबर तपासून वाचनाचा चष्मा घ्या. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही आणि न लावल्याने थांबतही नाही.

साठीनंतर: वयानुसार बाहुली लहान होते आणि डोळ्यातले भिंग पिवळसर होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून आजोबांना नातवापेक्षा जास्त उजेड लागणे स्वाभाविक आहे. "एवढा ब्राइटनेस कशाला?" असे म्हणून तो कमी करू नका. त्यांच्या खुर्चीजवळ चांगला दिवा लावा. मात्र काही महिन्यांतच पूर्वीपेक्षा बराच जास्त उजेड लागू लागला, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका, मोतीबिंदूची तपासणी करून घ्या.

लहान मुले: पांघरुणात शिरून मोबाईल पाहणारे मूल तो नाकाजवळ धरते. असे जवळून तासन्‌तास पाहणे आणि घराबाहेर न खेळणे यांचा लघुदृष्टीशी, म्हणजे दूरचे न दिसण्याशी, संबंध आढळतो. त्यामुळे मुलांसाठी ब्राइटनेसपेक्षा अंतर आणि वेळ महत्त्वाची. रोज सुमारे दोन तास उघड्यावर खेळणे डोळ्यांसाठी चांगले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको.

फिट येणाऱ्या व्यक्ती: काहींना लुकलुकणाऱ्या प्रकाशाने फिट येते. त्यांनी अंधारात स्क्रीन पाहू नये. खोलीत दिवा असावा, ब्राइटनेस कमी ठेवावा आणि स्क्रीन शक्य तितकी दूर असावी.

कुशीवर झोपून वाचताना एका डोळ्याने दिसेनासे झाले तर?

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ मध्ये दोन स्त्रियांची हकिकत आली होती. दोघींनाही अंधारात एका डोळ्याने काही मिनिटे दिसेनासे होत असे. बऱ्याच तपासण्या झाल्या. कारण शेवटी साधे निघाले. त्या कुशीवर झोपून मोबाईल पाहत आणि त्या वेळी एक डोळा उशीने झाकलेला असे. उघडा डोळा स्क्रीनच्या उजेडाला सरावायचा, झाकलेला अंधाराला. मोबाईल बंद करताच उजेडाला सरावलेल्या डोळ्याला काही वेळ काळोख वाटायचा.

यात डोळ्याला इजा होत नाही. दोन्ही डोळ्यांनी पाहिले की असे होत नाही. पण एक सावधगिरी हवी. एका डोळ्याची दृष्टी अचानक जाणे हे डोळ्याच्या किंवा मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळा आल्याचेही लक्षण असते. कुशीवर झोपून मोबाईल पाहिलेला नसताना असे झाले, किंवा सोबत हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलताना अडखळणे असे काही असेल, तर दृष्टी परत आली तरी लगेच रुग्णालय गाठा.

ब्राइटनेस बदलून चालणार नाही, अशी लक्षणे

त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जा:

- एक डोळा लाल होऊन खूप दुखणे, धूसर दिसणे, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये, सोबत डोकेदुखी आणि उलटी. हा काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. मंद उजेडात बाहुली अर्धवट मोठी होते, तेव्हा काहींच्या डोळ्यातला पाणी बाहेर जाण्याचा मार्ग बंद होतो आणि दाब झपाट्याने वाढतो. आपल्याकडे डोकेदुखी आणि उलटी म्हटले की 'पित्त झाले' असे समजून सकाळपर्यंत थांबतात. या आजारात तेवढ्या वेळात दृष्टी जाऊ शकते. वय जास्त असलेल्या, जवळच्या नातेवाइकाला हा त्रास झालेल्या आणि दूरचे पाहायलाही अधिक नंबर लागणाऱ्या व्यक्तींना, त्यातही स्त्रियांना, धोका जास्त असतो. सर्दीच्या आणि पोटदुखीच्या काही औषधांनी असा झटका येऊ शकतो, म्हणून चालू असलेली औषधे डॉक्टरांना दाखवा.
- डोळ्यापुढे अचानक खूप काळे ठिपके, विजेसारखे लखलखाट किंवा पडदा आल्यासारखे वाटणे.
- अचानक दृष्टी जाणे किंवा एकाचे दोन दिसणे.
- उजेड अजिबात सहन न होणे, सोबत ताप आणि मान आखडणे.

काही दिवसांत नेत्रतज्ज्ञांना दाखवा:

- रात्री ब्राइटनेस पूर्वीपेक्षा खूप वाढवावा लागणे, किंवा समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपणे.
- अंधारात ठेचकाळणे, चित्रपटगृहात खुर्ची न सापडणे. हा रातांधळेपणा असू शकतो.
- सरळ ओळी वाकड्या दिसणे किंवा शब्दाच्या मध्यभागी डाग दिसणे.
- मधुमेह असताना दृष्टी कधी स्पष्ट, कधी धूसर होणे. साखर वर-खाली झाली की असे होऊ शकते. धूसरपणा नसला तरी प्रत्येक मधुमेहीने वर्षातून एकदा दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी.
- दिवा, अंतर, अक्षरे सगळे नीट करूनही दोन आठवडे त्रास कायम राहणे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कमी ब्राइटनेसवर वाचल्याने नंबर वाढतो का?
मोठ्या माणसांत नाही. डोळे थकतात, इतकेच. वाचताना ताण पडू लागला तर नंबर आधीच बदललेला असण्याची शक्यता तपासा.

ई-रीडर मोबाईलपेक्षा बरा का?
शाईसारखी अक्षरे दाखवणारी त्याची स्क्रीन कागदाप्रमाणे बाहेरच्या उजेडात वाचता येते. त्यामुळे ती खोलीच्या उजेडाशी आपोआप जुळते. रोज तास-दोन तास वाचणाऱ्यांना तो सोयीचा ठरू शकतो. पण त्यातला दिवा पूर्ण वाढवून अंधारात वाचलात तर अडचण तीच.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मोबाईल पाहिला तर चालतो का?
पाहण्याने टाक्याला किंवा नव्या भिंगाला धक्का लागत नाही. सुरुवातीला उजेड जास्त आणि रंग किंचित निळसर वाटतात, म्हणून ब्राइटनेस कमी ठेवा आणि थोडा थोडा वेळ वाचा. तुमच्या शल्यचिकित्सकांनी वेगळे सांगितले असेल तर तेच पाळा.

तपासणीसाठी डोळ्यांत थेंब टाकल्यावर?
बाहुली मोठी केल्यावर साधारण चार ते सहा तास, काहींना त्याहून जास्त वेळ, उजेड खुपतो आणि जवळचे दिसत नाही. ब्राइटनेस वाढवून वाचायचा प्रयत्न करू नका. त्या वेळात गाडीही चालवू नका.

अंधारात टीव्ही पाहावा का?
टीव्हीच्या मागे किंवा बाजूला एक मंद दिवा असू द्या. मोबाईलचाच नियम इथेही लागू आहे.

आज रात्री मोबाईल उघडण्याआधी दिवा लावा, शेजारी कोरा कागद धरा आणि ब्राइटनेस जुळवा. मग घरातल्या ज्येष्ठांच्या मोबाईलवरही तेच करून द्या. ते करताना एक प्रश्न जरूर विचारा: "पूर्वीपेक्षा जास्त उजेड लागतो का?" उत्तर 'हो' असेल, तर पुढच्या आठवड्यात त्यांना डोळे तपासायला घेऊन जा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या त्रासाचे निदान आणि उपचार डॉक्टरांकडूनच करून घ्या.*